लाइव्ह अल्बममध्ये नक्की काय लाइव्ह असतं?

मोटरहेड या ब्रिटिश बँडचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' हा लाइव्ह, म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या कार्यक्रमात टिपलेला, अल्बम जून १९८१ मध्ये आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. नावात लंडनचं हॅमरस्मिथ आहे, पण तिथलं ध्वनिमुद्रण या अल्बमवर नाही. बहुतेक गाणी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लीड्स आणि न्यूकॅसलला टिपलेली आहेत. जुडास प्रीस्ट या बँडचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' हा १९७९ चा अल्बम टोकियोतल्या दोन कार्यक्रमांमधला. पण त्यावर ऐकू येणारा गायक रॉब हॅलफर्डचा आवाज नंतर स्टुडिओत गायलेला आहे आणि हे हॅलफर्डने स्वतः मान्य केलेलं आहे. चाहत्यांनी त्या अल्बमला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं टोपणनावच देऊन टाकलं.

दोन्ही अल्बम मेटल या दणदणीत रॉक संगीतप्रकाराच्या इतिहासात मानाचे आहेत आणि मला दोन्ही मनापासून आवडतात. मग एक गावाचं नाव चुकीचं सांगतोय, दुसऱ्यातलं गायन मागाहून घातलेलं आहे, तरी आपण त्यांना लाइव्ह म्हणतो ते कशाच्या जोरावर? हे समजायचं असेल तर असा अल्बम बनतो कसा, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी मी मुख्यतः आयर्न मेडन या बँडच्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'चा आधार घेणार आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये आलेला हा दोन तबकड्यांचा अल्बम लाइव्ह मेटल म्हणजे काय याचा वस्तुपाठ आहे, असं माझं ठाम मत आहे.

कन्सोलला रेकॉर्डर जोडला की झालं?

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की कार्यक्रम चालू असताना मिक्सिंग कन्सोलला, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला, एक रेकॉर्डर जोडायचा, अल्बम तयार. तसं केलं तर काय होतं ते बघा. सभागृहातल्या साउंड इंजिनिअरचं काम असतं समोरच्या माणसांना सगळं नीट ऐकू जावं हे. गिटारचे अँप्लिफायर स्टेजवर मुळातच कानठळ्या बसवत असतात, ड्रम्सना तर माइक नसला तरी चालेल इतका त्यांचा आवाज. त्यामुळे इंजिनिअर हॉलच्या स्पीकरमध्ये ही वाद्यं बेतानेच सोडतो आणि गायकाचा आवाज भरपूर सोडतो. स्टेजवरून थेट येणारा आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज हवेत एकत्र होतात आणि ऐकणाऱ्याला समतोल मिळतो. कन्सोलमधून निघणाऱ्या तारेत मात्र त्यातला फक्त अर्धा भाग असतो. अशा टेपवर गायक कानाशी ओरडतोय आणि गिटार शेजारच्या खोलीत वाजतेय असं ऐकू येतं. हॉल जितका लहान, तितकी ही तफावत जास्त.

म्हणून रेकॉर्डिंगची वाट सुरुवातीपासूनच वेगळी काढली जाते. प्रत्येक माइकमधून आलेला सिग्नल स्टेजच्या कडेला ठेवलेल्या स्प्लिटर नावाच्या पेटीत जातो. तिथून त्याच्या तीन वाटा होतात. एक हॉलच्या कन्सोलकडे, एक कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरच्या कन्सोलकडे आणि तिसरी हॉलबाहेर उभ्या असलेल्या रेकॉर्डिंगच्या ट्रककडे. ट्रकमध्ये बसलेल्या माणसाला हॉलमध्ये काय ऐकू येतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याचं काम एकच, प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या वेगळ्या पट्टीवर, स्वच्छ उतरवायचं. एकट्या ड्रम्सनाच आठ-दहा ट्रॅक लागतात: बास ड्रम, स्नेअर, प्रत्येक टॉमला एक आणि झांजांसाठी वर टांगलेले दोन. बासचा सिग्नल बहुतेकदा अँप्लिफायरच्या आधीच एका छोट्या पेटीतून काढून घेतात, म्हणजे तो आजूबाजूच्या गोंगाटापासून सुटतो.

ऐंशीच्या दशकात हे सगळं दोन इंच रुंदीच्या टेपवर व्हायचं. चोवीस ट्रॅकची एक रीळ साधारण २५०० फुटांची. सेकंदाला ३० इंच या वेगाने ती फिरवली तर जेमतेम साडेसोळा मिनिटांत संपते. आता आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' घ्या. हे एकच गाणं सुमारे तेरा मिनिटांचं. त्याआधी रीळ बदलायला उशीर झाला तर ऐन भरात टेप संपणार, आणि स्टेजवरच्या माणसांना थांबा म्हणून सांगायची सोय नाही. म्हणून मोठ्या ट्रकमध्ये दोन मशीन असत. पहिली रीळ संपायच्या आधी दुसऱ्या मशीनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि नंतर स्टुडिओत दोन्ही टेप जोडून घ्यायच्या. त्या काळचे लाइव्ह अल्बम ऐकताना ट्रकमधल्या त्या माणसांची मला फार आठवण होते. त्यांची घड्याळावरची नजर जरा हलली असती तर आपल्यापर्यंत अर्धंच गाणं आलं असतं.

एका माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज

प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा असला तरी आवाज वेगळे राहत नाहीत. धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागावा तसा एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये उतरतो. इंजिनिअर याला ब्लीड म्हणतात. मेटलमध्ये हा प्रश्न सगळ्यात बिकट असतो, कारण स्टेजवर शांत असं काहीच नसतं. गायकाचा माइक स्टेजच्या पुढे, त्याच्या मागे काही फुटांवर ड्रम्स, दोन्ही बाजूंना गिटारचे अँप्लिफायर आणि पायाशी त्याच्याकडेच तोंड करून ठेवलेले मॉनिटर. गायक गात असतो तोवर त्याचा आवाज बाकीच्यांवर मात करतो. तो माइक हातात घेऊन बाजूला पळाला की तोच माइक झांजांचा खणखणाट टिपायला लागतो.

डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारमुळे यात भर पडते. साध्या गिटारचा सूर वाजतो आणि हळूहळू विरतो. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नल इतका वाढवलेला असतो की त्याची टोकं छाटली जातात, त्यातून भरपूर उपस्वर निर्माण होतात आणि आवाज विरायचं नावच घेत नाही. अशी गिटार मंद्रापासून तारापर्यंत सगळी जागा व्यापून बसते. नेमक्या त्याच पट्ट्यात गायकाच्या शब्दांचं स्पष्टपण आणि स्नेअरचा कडकपणा राहत असतो. मेडनमध्ये तर तेव्हा दोन गिटार होत्या, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ, आणि शिवाय स्टीव्ह हॅरिसचा बोटांनी वाजवलेला, खटखट करत पुढे येणारा बास. मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, बहुधा एक गिटार डाव्या कानाकडे आणि दुसरी उजव्या कानाकडे सरकवतात, म्हणजे मधली जागा गायक, बास आणि ड्रम्सना मोकळी मिळते. हेडफोन लावून ऐकलंत तर दोघांची सुरावट कुठे एकत्र चालते आणि कुठे फुटते हे बोट ठेवून दाखवता येईल.

हा ब्लीड नुसता त्रास आहे असं मात्र समजू नका. लाइव्ह अल्बमवर कुठे हात फिरवता येतो आणि कुठे नाही, हे तोच ठरवतो.

समजा एका ओळीला गायकाचा श्वास तुटला. स्टुडिओत बोलावून ती ओळ पुन्हा गाऊन घ्यायची आणि जुन्या जागी बसवायची, याला ओव्हरडब म्हणतात. पण ती जुनी, चुकलेली ओळ मॉनिटरमधून निघून ड्रम्सवरच्या माइकमध्ये केव्हाच उतरलेली असते. गायकाच्या ट्रॅकवरून ती पुसली तरी झांजांच्या मागे तिची सावली उरते. नवीन ओळ किंचित वेगळ्या वेळी आली तर दोन आवाज ऐकू येतात. त्यामुळे पुन्हा गाणाऱ्याला त्या रात्रीच्या आपल्याच गाण्याशी काटेकोर जुळवून गावं लागतं. गिटारचं तसं सोपं असतं, कारण अँप्लिफायरला अगदी चिकटून ठेवलेल्या माइकमध्ये बाहेरचं फारसं शिरत नाही, पुन्हा वाजवलेला सोलो बेमालूम बसतो. बासचा ट्रॅक तर बहुतेक वेळा कोराच असतो.

आणि ड्रम्स? ते सगळ्यांच्या माइकमध्ये असतात. गायकाच्या, गिटारच्या, प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माइकमध्येसुद्धा. ते बदलायचे तर बाकीचं सगळंच टाकून द्यावं लागेल. म्हणून गायन मागाहून गाऊन घेतलेलं असलं, सोलो दुरुस्त केलेला असला, तरी ड्रमरने त्या रात्री धरलेला ठेका आणि त्या ठेक्याला धरून बाकीच्यांनी केलेली धावपळ खरीच राहते. माझ्या मते अल्बमचं लाइव्हपण तिथे आहे. 'अनलीश्ड इन द ईस्ट' ऐकताना मी लेस बिंक्सच्या ड्रम्सकडे कान देतो आणि ती टोकियोतली रात्र जशीच्या तशी हाती लागते.

यावरून वाद मात्र फार झाले आहेत. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने म्हटलं होतं की ७५ टक्के भाग स्टुडिओत तयार झाला. बँडच्या बाजूने उत्तर आलं की ७५ टक्के भाग कार्यक्रमातलाच आहे. आकडा तोच, फक्त उलटा. असे वाद मला फारसे कामाचे वाटत नाहीत, कारण टक्के मोजायचे कसे हेच कुणी ठरवलेलं नसतं. ट्रॅक मोजायचे की मिनिटं?

ओव्हरडब न करताही उत्तम अल्बम होतो, याची दोन उदाहरणं एकाच माणसाच्या हातची आहेत. डीप पर्पलने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकाला दोन आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये एक असे तीन कार्यक्रम केले. जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीला फक्त जपानपुरता लाइव्ह अल्बम हवा होता आणि बँडला त्यात फारसा रस नव्हता. ध्वनिमुद्रणासाठी आठ ट्रॅकची टेप होती आणि इंजिनिअर होता मार्टिन बर्च. त्यातून 'मेड इन जपान' झाला आणि तो जगभर गेला. पुढे हाच बर्च आयर्न मेडनचा निर्माता झाला. 'लाइव्ह आफ्टर डेथ'च्या वेळी जे वाजलं तेच ठेवायचं, हा आग्रह बँडचाही होता. स्टीव्ह हॅरिसने नंतरही तेच सांगितलं आहे.

हा आग्रह सोपा नव्हता. हा अल्बम ज्या दौऱ्यातला, तो दौरा ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमध्ये सुरू झाला आणि जुलै १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात संपला, अकरा महिन्यांत पावणेदोनशेहून जास्त कार्यक्रम. अल्बमचा बहुतेक भाग जिथे टिपला, ते लाँग बीच अरीनातले कार्यक्रम मार्च १९८५ मधले, म्हणजे गायक ब्रूस डिकिन्सनचा गळा तोवर सात महिने रोज रात्री राबत होता. वरच्या सुरांना काही ठिकाणी तो खरखरतो, काही ओळी स्टुडिओतल्यापेक्षा वेगळ्या वळणाने गातो, दोन ओळींच्या मध्ये लोकांना ओरडायला लावून श्वास घेतो. दमलेला माणूस मोठं गाणं कसं पेलतो हे त्यात ऐकू येतं आणि मला ते स्टुडिओतल्या निर्दोष गायनापेक्षा कितीतरी जास्त भिडतं. तिथल्या चार रात्रींमधून निवड करायची मुभा होती, हेही खरं. आजची सगळ्यात चांगली रात्र नसली तरी उद्याची आहे, एवढा आधार कलाकाराला पुरतो.

चार रात्रींचं एका रात्रीत रूपांतर करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नसतं. कापायचं ते दोन गाण्यांच्या मध्ये, टाळ्या आणि शिट्ट्यांच्या पोटात. तिथे सांधा कुणाला सापडत नाही. एकाच गाण्याच्या आत दोन रात्री जोडणं मात्र कठीण, कारण लय रोज वेगळी असते. स्टेजवर बहुतेक बँड स्टुडिओतल्यापेक्षा जलद वाजवतात. समोर हजारो माणसं, अंगात भरलेला जोर, हात आपोआप पळतात. कुठे ही चढलेली लय गाण्याला पंख देते, कुठे शब्द तोंडात अडकतात. 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची सुरुवात होते विन्स्टन चर्चिलच्या युद्धकाळातल्या भाषणाने, आणि ते संपताच 'एसेस हाय' सुटतं. ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांवरचं ते गाणं. ड्रमर निको मॅकब्रेन ज्या वेगाने ते घेऊन जातो, त्या वेगाचाच परिणाम असा की पुढची चार मिनिटं बसून ऐकवत नाही.

प्रेक्षक कुठे बसवायचे?

आता माझ्या आवडीचा भाग. गर्दीचा आवाज आपसूक मिळत नाही. वाद्यांचे माइक वाद्यांना चिकटलेले असतात, त्यांना गर्दी फारशी ऐकूच येत नाही. फक्त तेवढे ट्रॅक मिक्स केले तर रिकाम्या खोलीत बँड वाजतोय असं वाटेल. म्हणून स्टेजच्या कडांवर प्रेक्षकांकडे तोंड करून आणि हॉलच्या मागच्या बाजूला वेगळे माइक लावतात.

इथे आवाजाचा वेग आडवा येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून ३४ मीटरवरच्या माइकमध्ये ड्रमचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. ड्रमच्या स्वतःच्या माइकमधला ठोका आणि हा उशिराचा ठोका एकत्र केले की प्रत्येक ठोक्याला शेपूट येतं आणि सगळं चिखल होऊन जातं. आज संगणकावर तो ट्रॅक तेवढाच आधी सरकवता येतो. टेपच्या जमान्यात हे सहज शक्य नव्हतं, म्हणून इंजिनिअर गाणं चालू असताना गर्दीचे माइक खाली आणायचा आणि गाणं संपलं की वर. हेडफोन लावून ऐका, जुन्या अल्बमांवर शेवटच्या ठोक्यानंतर हॉल एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. तो इंजिनिअरच्या बोटाचा खेळ आहे.

गर्दी स्वतः गाते तेव्हा तर आणखी मौज. आयर्न मेडनचा 'रॉक इन रिओ' जानेवारी २००१ मधल्या कार्यक्रमाचा आहे, समोर सुमारे अडीच लाख लोक. स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला सूर सुमारे ०.३ सेकंद उशिरा मिळतो. तो त्याबरोबर गायला, तर त्याचा आवाज स्टेजपाशी परत यायला आणखी तेवढाच वेळ. गाण्यात मिनिटाला १६० ठोके असतील तर दोन ठोक्यांमधलं अंतर ०.३७५ सेकंद, म्हणजे हा माणूस स्टेजवर ऐकू येईपर्यंत दीड ठोका मागे पडलेला असतो. पुढच्या रांगेतला वेळेवर, मधला जरा मागे, शेवटचा आणखी मागे. 'फिअर ऑफ द डार्क'मध्ये लोक शब्दच नव्हे तर गिटारची सुरावटही गातात आणि ती लाटेसारखी पसरत, घरंगळत येते. तो पसरटपणा कुणी मिक्समध्ये घातलेला नाही, ते अंतर ऐकू येतंय.

'लाइव्ह आफ्टर डेथ'च्या 'रनिंग फ्री'मध्ये डिकिन्सन प्रेक्षकांचे भाग पाडून आळीपाळीने ओरडून घेतो. हे गाणं लांबतं, वाद्यं खाली उतरतात आणि काही मिनिटं अल्बम जवळजवळ प्रेक्षकांच्याच हातात जातो. त्याची ती 'स्क्रीम फॉर मी, लाँग बीच' ही हाळी नंतर गावाचं नाव बदलत जगभर फिरली.

गेल्या वीस वर्षांत साधनं फार बदलली. ट्रकच्या जागी हॉलच्या कन्सोललाच जोडलेला संगणक आला, रीळ संपायची भीती गेली, दौऱ्यातली प्रत्येक रात्र साठवता येते. मेटालिकाने २००४ पासून आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं एकेक रात्र म्हणून विकायला सुरुवात केली. मेडनच्या 'फ्लाइट ६६६'वरची गाणी २००८ च्या दौऱ्यातल्या वेगवेगळ्या शहरांतली आहेत, त्यातलं पहिलं मुंबईचं. बरेच बँड आता कानात क्लिक म्हणजे मेट्रोनोमचा टिकटिकाट घेऊन वाजवतात. त्यामुळे लय रोज तंतोतंत सारखी राहते आणि एका गाण्याच्या आतही दोन रात्री जोडता येतात. सोय मोठी आहे, पण चढत जाणारी लय, कडव्यानंतर किंचित पुढे झुकणारा ठेका हे त्यात हरवतं. ज्या गोष्टीमुळे मागाहून केलेली डागडुजी आपण माफ करतो, नेमकी तीच पातळ होते. क्लिक न घेता वाजवणाऱ्या बँडचे अल्बम मला म्हणून जास्त जवळचे वाटतात.

'लाइव्ह आफ्टर डेथ' नव्याने ऐकणार असाल तर आवृत्ती पाहून घ्या. मूळ दोन तबकड्यांच्या चार बाजूंपैकी पहिल्या तीन लाँग बीचच्या. चौथ्या बाजूवर ऑक्टोबर १९८४ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये टिपलेली पाच गाणी आहेत, 'रॅथचाइल्ड'पासून 'फँटम ऑफ द ऑपेरा'पर्यंत. सीडीवर पहिल्यांदा आला तेव्हा जागेअभावी ही चौथी बाजू वगळली होती आणि 'रनिंग फ्री'लाही कात्री लागली होती. १९९८ च्या आवृत्तीत दोन सीडी करून ती गाणी परत आली. ती असलेलीच आवृत्ती घ्या, कारण तिथे एक बदल कानाला सहज कळतो: लाँग बीचचं खेळांसाठी बांधलेलं प्रचंड अरीना संपतं आणि त्याहून बरंच लहान थिएटर सुरू होतं. प्रेक्षक जवळ येतात, ड्रम्समागचा घुमारा कमी होतो, आणि माणसं व गिटार त्याच असल्या तरी बँड वेगळा ऐकू येतो.